काकू, काय बघू?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत आठवड्यातून तीन-चारदा तरी कोणी ना कोणी मला गाठतं आणि हा प्रश्न टाकतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी पुष्कळ बघते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी भाजी निवडता निवडता उत्तर देऊन मोकळी व्हायचे, "अगं, मस्त आहे, बघच." दोन वर्षांपूर्वी असंच वन्संना एका मालिकेचं नाव सांगितलं. त्यांनी ती नेमकी विहीणबाई घरी आल्या असताना लावली. दुसऱ्या भागात शिव्यांची जी सरबत्ती सुरू झाली, ती वन्संना रिमोट सापडेपर्यंत थांबली नाही. महिनाभर त्यांचा फोन नव्हता. मालिका चांगली आहे, अजूनही म्हणेन. पण सांगताना मी फक्त माझाच सोफा डोळ्यांपुढे धरला होता.

तेव्हापासून वही केली. साधी दोनशे पानी. कोणी विचारलं की आता तीच उघडते. तुम्हालाही लोक विचारत असतील तर अशी एक वही करा. ती कशी ठेवायची ते सांगते.

सिनेमा किंवा मालिका बघून झाली की लगेच कोणाला फोन करायचा नाही, कोणाचं मत वाचायचंही नाही. आधी लिहायचं. ही अक्कल मला आमच्या इंदुरात मराठी नाटकं आणणाऱ्या 'सानंद' संस्थेच्या नाटकांनी दिली. आमच्याकडे सानंदचं एकच नाटक शनिवार-रविवारात पाच दर्शक समूहांसाठी पाचदा होतं. समूहांना नावंही इंदूरच्या जुन्या रसिकांची, रामूभैया दाते, राहुल बारपुते अशी. शनिवारचे लोक बाहेर पडले की रविवारवाल्यांचे फोन वाजायला लागतात. "दुसरा अंक पडलाय हो." झालं! रविवारी माणूस नाटक बघतच नाही, दुसरा अंक कधी पडतो त्याची वाट बघत बसतो. मी रविवारवाली. कितीतरी वर्षं शनिवारची मतं माझी म्हणून घरी घेऊन यायचे.

आता लिहायचं काय? "अभिनय सुंदर, कथा छान, शेवट जरा ताणलाय" हे नाही. हे वाक्य कुठल्याही सिनेमाला चिकटतं. त्याऐवजी एक प्रसंग लिहायचा, जसा दिसला तसा. 'लापता लेडीज'चं माझं पान सांगते. किरण रावचा हा सिनेमा १ मार्च २०२४ ला आला. २००१ सालची गोष्ट, रेल्वेत घुंघटामुळे दोन नवऱ्या बदलतात, एवढं तर जाहिरातीतच कळतं. मी लिहिलंय : "फूल स्टेशनवरच्या टपरीवर कलाकंद करते. मंजू माई तिच्या हातावर पैसे ठेवते. ती पोरगी पैशांकडे बघतच राहते." खाली एक ओळ : "माझा पहिला पगार आठवला." बस्स. ही मंजू माई म्हणजे आपली छाया कदम, 'फँड्री' सिनेमातली आई. हे पान वाचून दाखवलं की समोरच्या बाईला दोन मिनिटांत कळतं, आपल्याला हे बघावंसं वाटतंय की नाही. आणि त्या दोन नवऱ्या मुलींचं पुढे काय होतं ते मी सांगितलेलं नसतं. मधला एखादा छोटा प्रसंग सांगा, कोणाची मजा जात नाही. शेवट आणि गुपित यांच्या वाटेला जाऊ नका. आमच्या शेजारच्या दादांना हे कितीदा सांगितलं. खुनी कोण हे सांगितल्याशिवाय त्यांना सेव-परमल, म्हणजे शेव-चुरमुरे, पचत नाही.

दुसरी नोंद कंटाळ्याची. कुठे कंटाळले, त्याचा भाग किंवा मिनिट लिहायचं. "मध्ये जरा स्लो आहे" म्हणजे कुठे? "तिसरा भाग निम्मा झाल्यावर मी उठून कुकर लावला आणि परत आले तरी काही बिघडलं नव्हतं", हे कामाचं. अर्धवट सोडलेल्या मालिकेवरही मत द्यायला हरकत नाही, फक्त किती भाग बघून सोडली ते कबूल करायचं. दीड पट वेगाने पळवून बघितली असेल तर तेही. रोजच्या संध्याकाळच्या मालिकांचं तर एका भागावरून काही बोलूच नये. निदान आठवडाभर बघा, मग नावं ठेवा. मी ठेवतेच.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आपलं माप तपासणं. 'पंचायत' ही ऑनलाइन हिंदी मालिका मला पहिल्या दिवसापासून आवडली. २०२० च्या एप्रिलमध्ये आली, सगळे घरात कोंडलेले. मी गल्लीभर फोन करून सांगत सुटले. नंतर वही लिहिताना विचार केला, का आवडली? फुलेरा गाव दाखवलंय उत्तर प्रदेशात, बलिया जिल्ह्यात. पण चित्रण झालंय आमच्या मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडियात. इंदूरहून भोपाळला जाताना सिहोर लागतंच. त्यातले रघुवीर यादव जबलपूरचे. म्हणजे ते घरांचे रंग, ती धूळ, चौथऱ्यावर बसून गप्पा मारणारी माणसं मी जन्मभर बसच्या खिडकीतून बघत आलेय. माझ्या मतातला निदान चाराणे भाग हा गावाकडचा लळा आहे. पुण्याच्या भाचीला तो नाही, तिला पहिले दोन भाग काही घडतच नाहीये असं वाटलं. तिचंही खरं. म्हणून पानावर लिहून ठेवलंय : "लळा धरून." २०२५ च्या चौथ्या पर्वात निवडणूक, निशाण्या लौकी म्हणजे दुधी विरुद्ध कुकर. तिथे लळासुद्धा कमी पडला. पहिल्या पर्वात फुटकळ गोष्टीवरून अख्खा भाग उभा राहायचा. इथे सगळे एकमेकांवर कुरघोडी करण्यात इतके गुंतलेत की त्या रिकाम्या दुपारी गेल्या कुठे, असं झालं मला.

कुठे आणि कशावर बघितलं, हे लिहायला विसरू नका. 'कोर्ट' हा सिनेमा मी पहिल्यांदा पुण्याच्या गाडीत मोबाइलवर बघितला. चैतन्य ताम्हाणेंचा कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही, सगळी खोली एकदम दिसते. पाच इंचांवर ती खोली म्हणजे मुंग्यांचं वारूळ. वहीत लिहिलं, "कंटाळवाणा." पुढे मुलाने मोठा टीव्ही आणला तेव्हा पुन्हा लावला. खटल्यातल्या सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, तो प्रसंग मी श्वास रोखून बघितला. स्वयंपाक आपण रोज करतो, त्यात श्वास रोखण्यासारखं काय, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण जुनं मत खोडलं नाही, शेजारी लिहिलं : "फोनवर बघू नये."

आणि वन्संचा धडा. सोबत कोण बसलंय, हे आधी विचारायचं. २०२१ च्या नियमांनुसार ऑनलाइन मालिकांवर वयानुसार यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए अशी खूण असते, सोबत भाषा, हिंसा वगैरे कारणही लिहिलेलं असतं. २०२४ पासून थिएटरच्या सिनेमांनाही यूएचे असेच तीन भेद आलेत. ती पाटी सुरुवातीला येते आणि आपण नेमके तेव्हा चष्मा शोधत असतो. पण नुसत्या खुणेवर विसंबू नका. १६+ मध्ये विहीणबाईंसमोर चालणारंही असतं आणि न चालणारंही. मी वहीत स्वतःच्या तीन खुणा करते : 'सगळ्यांसोबत', 'ह्यांच्यासोबत', 'एकटीने'. एकटीनेचं पान सगळ्यात भरलेलं आहे.

आमचे हे प्रत्येक सिनेमानंतर एकच मत देतात, "बरा होता." त्यांच्याकडून काही काढायचं तर त्याच रात्री विचारून उपयोग नाही. आठ दिवसांनी पोहे खाताना विचारते, त्यातलं काय आठवतं? कधी कधी पोह्यांवर जिरावण मसाला टाकायचं थांबवून असा एखादा बारकावा सांगतात की मी तो त्यांच्या नावाने लिहून घेते. कधी काहीच आठवत नाही, मग तेही लिहिते. आठ दिवसांनंतरची ही ओळ मी वेगळ्या, हिरव्या शाईने लिहिते. पहिल्या रात्री डोक्यावर घेतलेले कितीतरी सिनेमे हिरव्या शाईत कोरडे ठणठणीत आहेत.

परवा वन्संचा फोन आला. दिवाळीला सगळे जमणार आहेत म्हणाल्या, काहीतरी चांगलं सांग. मी वही घेतली, चष्मा लावला आणि म्हटलं, "वन्सं, विहीणबाई येणार आहेत का?"