मशीनची पिल्लं खुडूक कोंबडीखाली सोडताय? या चुका टाळा

कोकणात आमच्याकडे अंडी रवणीला, म्हणजे उबवायला, बसवायची तर कोंबडीच लागायची. आता चाळीस-पन्नास अंडी उबवणारी छोटी मशीन घरोघरी आली आहेत. पिल्लं मशीनमध्ये काढायची आणि वाढवायला खुडूक, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसलेल्या, कोंबडीकडे द्यायची, ही पद्धत मला मनापासून पटते. बल्बखालच्या पिल्लापेक्षा आईमागे फिरणारं पिल्लू लवकर चरायला शिकतं आणि घार दिसली की लपतं. पण लोक घाई करतात आणि पिल्लं हकनाक मरतात.

पहिला घोळ दिवस मोजण्यात होतो. अंडी ठेवली तो दिवस शून्य. चोवीस तास झाले की एक. असे एकवीस दिवस. ठेवल्या दिवसाला एक धरणारा माणूस विसाव्या दिवशीच कासावीस होतो आणि झाकण उघडतो.

हे झाकण उघडणं मला सगळ्यात जास्त छळतं. पिल्लाने आतून कवचाला टोच मारली की पुढे बाहेर यायला त्याला बारा ते चोवीस तास लागतात. तेवढ्या वेळात पोटाबाहेरचा बलक आत ओढला जातो आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या सुकतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, पिल्लू अडकलंय. शेजारच्या वाडीतल्या एका मुलाने विसाव्या दिवशी संध्याकाळी मला बोलावलं. मी पोचेपर्यंत त्याने नखाने तीन अंडी सोलली होती. एकाच्या पापुद्र्यावर रक्ताची बारीक रेघ उमटली होती, दुसऱ्याच्या बेंबीशी पिवळा बलक लोंबत होता. तिन्ही पिल्लं रात्रीत गेली. सारखं झाकण उघडल्याने आतला दमटपणा उतरला आणि टोच मारलेल्या आणखी चार अंड्यांचा पापुद्रा कागदासारखा वाळून पिल्लांना चिकटला. पोरगं रडवेलं झालं होतं, त्याला काय बोलणार! अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवा, पाणी भरा, झाकण लावा आणि शेतावर जा. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज काढतं. त्याला लगेच दाणा लागत नाही.

पावसाळ्यात पहिले अठरा दिवस मशीनमध्ये पाणी भरभरून ओतू नका. आपल्याकडे हवाच ओली असते. अंड्यातलं पाणी पुरेसं उडालं नाही तर हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच गुदमरतं. मी आधी आर्द्रतेचा काटा बघतो, पन्नास टक्क्यांच्या खाली आला तरच पाणी घालतो. शेवटच्या तीन दिवसांत मात्र पासष्ट-सत्तर हवीच.

अंडी धुऊ नका. फ्रीजमधली लावू नका. पंख्याच्या मशीनला साडेसदतीस अंश सेल्सिअस ठेवा, पण मशीनच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर हवाच. दोन-तीन तास लाईट गेली तर वर गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा.

आता कोंबडी. अंगावर पिसं फुलवून दोन दिवस खुराड्यात बसली म्हणजे ती आई झाली, असं समजू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. कोंबडी बसून चारच दिवस झाले होते. सकाळी अकराला, लख्ख उजेडात मी बारा पिल्लं तिच्यापुढे सोडली. तिने पहिल्याच्या डोक्यात चोच घातली. माझा हात पोचेपर्यंत दोन मेली होती. ती जी उठली ती परत रवणीला बसलीच नाही. उरलेली दहा मी बल्बखाली वाढवली.

तेव्हापासून मी मशीनमध्ये अंडी ठेवतो त्याच आठवड्यात कोंबडीखाली चार-पाच साधी अंडी ठेवतो. म्हणजे पिल्लं निघेपर्यंत तिचेही जवळपास तीन आठवडे भरतात. रात्री नऊनंतर, टॉर्चला लाल फडकं गुंडाळून जातो. पंखाखाली हात घालून एक अंडं काढायचं आणि त्याच हाताने एक पिल्लू सरकवायचं. आधी दोनच. मग अर्धा तास बाजूला बसून ऐकायचं. ती हळू आवाजात कुक-कुक करू लागली की बाकीची द्यायची. पंख ताठ करून गुरगुरत टोचू लागली तर दोन्ही उचलून आणायची. पहाटे उजाडायच्या आत मी पडवीत जाऊन बसतो, कारण उजेडात ती पिल्लांना पहिल्यांदा बघते आणि खरी परीक्षा तेव्हाच असते.

पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत. चार दिवस बल्बखाली राहिलेलं पिल्लू तिच्या हाकेला ओ देत नाही, मग ती तरी काय करणार? गावठी कोंबडीला दहा-बारा पुरे, पावसात सगळी पंखाखाली मावली पाहिजेत. पिल्लं देण्याआधी तिच्या अंगावरच्या उवांचा बंदोबस्त करा.

आई मिळाली म्हणून लस चुकवू नका. राणीखेत या रोगावरच्या लासोटा लशीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी द्यायचाच. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य पिल्लांपुढे ठेवू नका, त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. आईलाही काही आठवडे पिल्लांचंच खाद्य (स्टार्टर) खाऊ दे. पाणी करवंटीत द्या आणि त्यात चार खडे टाका, नाहीतर पिल्लू त्यात बुडतं.