बीजिंगची तयारी: आधी सोमवारवर काट मारा

कॅलेंडर समोर घ्या आणि आधी सोमवार खोडा. फॉरबिडन सिटी, म्हणजे सम्राटांचा जुना राजवाडा, चिनी लोकांचं 'गूगोंग', सणाची सुट्टी नसेल तर सोमवारी बंद असते. मग १ ते ७ ऑक्टोबर खोडा. राष्ट्रीय दिनाच्या त्या सुट्टीत अर्धा चीन राजधानीत उतरतो. आपली दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरअखेरीस आली, तर तो मोसम मात्र फार चांगला: हवा कोरडी, सकाळी स्वेटर, दुपारी तो कमरेला. जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो. स्वस्तात मिळतंय म्हणून तेव्हा आजी-आजोबांना नेऊ नका.

व्हिसा हातात पडला की गूगोंगचं तिकीट. भेटीच्या ७ दिवस आधी, तिथल्या रात्री ८ वाजता ते खुलं होतं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. घरच्या सगळ्यांची पासपोर्टवरची नावं आणि क्रमांक आधीच टाइप करून ठेवा, चहा नंतर. ऐन वेळी खिडकीवर तिकीट घेऊ, हा आपला हिशेब तिथे चालत नाही. एप्रिल ते ऑक्टोबर दर ६० युआन, एरवी ४०. त्यावर १० युआन टाकून खजिन्याचं दालन घ्याच. नऊ ड्रॅगनांची चकाकत्या फरशांची भिंत तिथेच आहे आणि मधल्या चौकांतली रेटारेटीही तिथे कमी होते. थिएनआनमेन चौकात उभं राहायचं असेल तर त्याचं आरक्षण वेगळं. दोन्हीकडे मूळ पासपोर्ट लागतो. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून झेरॉक्स घेऊन निघालात, तर परत फिरावं लागेल.

फोनचं काम घरीच उरका. अलीपे या पैसे देण्याच्या चिनी ॲपला आपलं कार्ड जोडून ठेवा, कारण भाजलेलं रताळं विकणारी आजीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते. तिथल्या इंटरनेटवर गूगल आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत. इथूनच आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर बहुधा अडत नाही. ठिकाणांची चिनी लिपीतली नावं फोटो काढून ठेवा. टॅक्सीवाल्याला 'टेंपल ऑफ हेवन' कितीही सावकाश सांगा, त्याला 'थिएनथान'च कळणार. पुढे चीनमध्येच विमानाने कुठे जाणार असाल तर पॉवर बँकवर ३सी हे चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह आहे का बघा. २०२५च्या जूनपासून त्या चिन्हाशिवायची पॉवर बँक देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत.

आता बूट. नवे नकोतच. गूगोंग दक्षिणोत्तर ९६१ मीटर आहे, पण एवढ्याशा आकड्यावर जाऊ नका. दक्षिणेच्या वूमेन दरवाजाने आत शिरून उत्तरेला शेनवूमेनमधून बाहेर पडेपर्यंत, बाजूचे महाल धरून, चार तास सहज जातात. पुढच्या तीन मोठ्या दालनांच्या अंगणात एक झाड नाही, म्हणून टोपी. गरम पाणी जागोजागी मिळतं, म्हणून थर्मास; घरची चहापूड न्यावी, हे वेगळं सांगायला नको. दारांचे उंबरे गुडघ्याला जाणवण्याइतके उंच आहेत आणि ते ओलांडायचे असतात, त्यांवर पाय द्यायचा नाही. आपल्याकडे आजी हेच सांगत आली. चप्पल मात्र देवळात काढायची नसते. पहिल्या दिवशी माझा हात सवयीने बुटाच्या नाडीकडे गेलाच!

योंगहगोंग या लामा मंदिरासाठी सकाळ राखून ठेवा. राजपुत्राच्या या वाड्याचा १७४४मध्ये मठ झाला. शेवटच्या उंच दालनात पांढऱ्या चंदनाच्या एकाच खोडातून कोरलेला मैत्रेय, म्हणजे भावी बुद्ध, उभा आहे: १८ मीटर जमिनीवर, ८ मीटर खाली. मान दुखेपर्यंत वर बघत राहतो आपण. दालनात फोटो काढायचे नाहीत. उदबत्त्या तीन, त्याही बाहेरच्या अंगणात लावायच्या.

शाकाहारी असाल तर 'वो छ् सू' (मी शाकाहारी खातो) पाठ करा, तरी चिनी लिपीतली चिठ्ठी जास्त कामाची. भाजीत डुकराचा खिमा घातला तरी तिथे ती भाजीच! बौद्ध पद्धतीची शाकाहारी भोजनालयं शोधून ठेवा. तिथे कांदा-लसूणही वर्ज्य असतो, जैन मंडळींची सोय होते.

थिएनथानला अर्धा दिवस द्या. उन्हाळी राजवाड्याचा ७२८ मीटरचा चित्रमय लांब व्हरांडा गूगोंगच्याच दिवशी कोंबू नका. आणि यादीत नसलेलं एक नाव माझ्याकडून घाला: प्राणिसंग्रहालयाजवळचं पाच शिखरांचं झेंज्वे मंदिर. १४७३मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूचा नमुना बोधगयेचा. आपले सहल-कंपनीवाले तिथे क्वचितच नेतात.

गूगोंगच्या दिवसासाठी दोन युआन आणि थोडा दम शिल्लक ठेवा. उत्तर दरवाजासमोरच जिंगशान टेकडी आहे. वर चढलात की पिवळ्या कौलांची रांग दक्षिणेकडे पसरलेली दिसते. शहराचा हा मध्य अक्ष २०२४मध्ये जागतिक वारशात गेला, आणि हे ठरवणारी युनेस्कोची बैठक भरली होती आपल्या नवी दिल्लीत. सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोचा. नंतर कठड्यापाशी जागा मिळत नाही.