फोन्तेन्हासात चार देश चाखायचे, तर

साताऱ्याहून मामेभाऊ आला की त्याची पहिली फर्माईश समुद्राची, दुसरी ‘ताई, काहीतरी फॉरेनचं खाऊया’ ही. रशियन बोर्श्टसाठी, म्हणजे बीटाच्या सूपसाठी, उत्तर गोव्यातलं मोरजी आणि इस्रायली हुमुस-शाक्षुकासाठी हरमल आहेच, पण त्याला वेगळा दिवस काढा. पहिल्या दिवशी मी पाहुण्यांना पणजीच्या कदंबा स्टँडवरून पाटोचा पूल ओलांडून पायीच फोन्तेन्हासात, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत नेते. पोर्तुगीजांची जहाजं जिथंजिथं टेकली, तिथलं काहीतरी इथल्या ताटात उतरलंय.

वेळ सांभाळा. गेल्या वर्षी आम्ही दुपारी साडेतीनला पोचलो, तर ज्या खानावळीच्या भरवशावर गेलो होतो तिचं दार बंद. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता, पण जेवण संध्याकाळी सातनंतर! दुपारची झोप इथं गांभीर्यानं घेतात. तेव्हा साडेबाराला टेबलावर बसलेलं बरं, आणि रविवारी जाणार असाल तर आधी फोन करा.

त्याआधी अकराच्या सुमारास ३१ जानेवारी रस्त्यावरच्या जुन्या बेकरीत शिरा. पोई मागा, हा गोव्याचा पाव. वरचा कोंडा बोटांना लागतो, मधून फाडली की आत पोकळ, खिशासारखी. पूर्वी पीठ माडाच्या सुरेनं आंबवायचे, आता बहुतेक जण यीस्ट वापरतात. एकच पोई चौघांत खा. पुढे जेवायचंय, हे माझा भाऊ दर वेळी विसरतो.

जेवताना चौघांत तीन ताटल्या पुरतात. काफ्रियाल चिकन घ्याच: कोथिंबीर-मिरचीचं हिरवं वाटण, मूळ मोझांबिककडचं. फेजोआदा म्हणजे राजमा आणि चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज), पोर्तुगाल-ब्राझीलकडचा प्रकार. चोरीस डुकराच्या मांसाचं असतं, हे पाहुण्यांना ताट येण्याआधी सांगा, नंतर नव्हे. तिसरं विंदालू, मांसाचा झणझणीत रस्सा. यात बटाटा शोधू नका. ‘आलू’ इथं लसणीसाठीच्या पोर्तुगीज शब्दातून आलाय, आणि ‘विन्’ वाइनमधून. गोव्यात वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं. मस्त आंबट लागतं.

आमच्या वहिनीचा गुरुवार असतो. मग मी सरळ विचारते, ‘शिवराक कितें आसा?’ शिवराक म्हणजे शाकाहारी. ‘व्हेज’ म्हटलं की पनीर येतं, शिवराक म्हटलं की कधी अळंब्यांची शागुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा निघतो.

गोडात सेरादुरा: साय फेटून त्यात मारी बिस्किटांचा चुरा, थरावर थर. नावाचा अर्थ चक्क लाकडाचा भुसा. पोर्तुगालचा हा पदार्थ चीनमधल्या मकावमध्ये, पोर्तुगीजांच्या जुन्या वसाहतीत, फार गाजला.

मार्च ते मे मधे आलात तर उर्राक चुकवू नका. काजूच्या बोंडूंच्या रसाची पहिली वाफ म्हणजे उर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण उर्राक हलकं, म्हणून दुपारी तेच बरं. ग्लासात बर्फ, लिम्का, मीठ, लिंबाची फोड आणि मधून चिरलेली हिरवी मिरची. पिकलेल्या बोंडूंचा वास थेट नाकात चढतो. भावानं आधी नाक मुरडलं, मग माझाही ग्लास संपवला. काजू मुळात ब्राझीलहून आला, हे मी त्याला परतीच्या वाटेवर सांगितलं. गाडी घेऊन येऊ नका, एवढं मात्र ऐका.

अरुंद गल्ल्यांत लोक राहतात. कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढू नका.

जाताना बेबिंका बांधून घ्या. नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर, तूप; एक थर भाजला की मगच पुढचा ओततात, म्हणून किंमतीवरून हुज्जत घालू नका. वहिनीनं साताऱ्याला ती फ्रिजमधून काढून तशीच थंड वाढली आणि मला फोन केला, ‘ताई, हे तर मेणासारखं टाळूला चिकटतंय.’ म्हटलं, तव्यावर मिनिटभर ठेव. अर्ध्या तासानं पुन्हा फोन: अजून एक पाठवता येईल का?