मेल येतोय पण जात नाहीये? आधी पासवर्डला हात लावू नका

रविवारी सकाळी पोहे-जलेबी हाणून जरा आडवं व्हायचा बेत होता तेवढ्यात मामांचा फोन, "अरे चार दिवस झाले, मेल येतायत पण जात एकही नाहीये, आणि आज तर येणंही बंद झालंय, तू येऊनच जा." मामा रामबागेत राहतात, त्यांचा मेल आयडी जुन्या इंटरनेटवाल्याने कनेक्शनसोबत दिलेला, नुकतंच घरात दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं पण आयडी तोच ठेवला कारण बँक, पेन्शन, सोसायटी सगळीकडे तोच दिलाय. त्या आयडीपुरते जुन्या कंपनीला थोडे पैसे भरत असतात.

मी पोचेपर्यंत मामांनी तीनदा पासवर्ड बदललेला. म्हणजे मूळ लोचा राहिला बाजूला आणि वर नवीन लोचा, कारण मोबाईलमध्ये जुनाच पासवर्ड आहे, तो मोबाईल बिचारा दर काही मिनिटांनी जुन्या पासवर्डने दार ठोठावतोय आणि सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या मेल सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतंय कोणी चोर आलाय, केलं खातं लॉक. म्हणून सांगतो, पहिलं काम एकच, ब्राउझरमध्ये कंपनीचं वेबमेल उघडा आणि तिथे लॉगिन करून बघा. तिथे आत गेलात तर पासवर्ड बरोबर आहे, खातं जिवंत आहे, गडबड तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेच अडलात तर सेटिंग उकरत बसू नका, मोबाईलवरचा मेल थोडा वेळ बंद ठेवा आणि कंपनीला फोन लावा.

दुसरं, एरर वाचा. खरंच वाचा, लोक सरळ ओके दाबून मोकळे होतात. मोबाईलने फोटो काढून ठेवा. सर्व्हर सापडत नाही म्हणाला तर बहुतेक नाव टाइप करताना चुकलंय किंवा नेटच बंद आहे. बराच वेळ फिरून टाइमआउट झाला तर पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) किंवा फायरवॉल (नेटवरचा पहारेकरी). एररमध्ये ५३५ नंबर आला तर युजरनेम-पासवर्ड, आणि यात निम्म्या वेळा युजरनेममध्ये पूर्ण पत्ता लिहायचा असतो आणि आपण ॲटच्या आधीचं तेवढंच लिहिलेलं असतं. ५५० सोबत रिले (मेल पुढे पोचवणं) असा शब्द दिसला तर तो मामांचा आजार, पुढे सांगतो.

मामांकडे मात्र आधी सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, चिठ्ठी येत होती, हा सर्व्हर वापरत राहायचं का, हो की नाही. मामा दोन दिवस हो दाबत होते 🙂 माझी नजर खाली कोपऱ्यात गेली तर तारीख २०१५ ची! मामी रात्री झोपताना बोर्डाचं मेन बटन बंद करतात आणि तारीख लक्षात ठेवणारा आतला सीआर २०३२ सेल मेलेला, म्हणून सकाळी पीसी परत मागच्या सालात. सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, काही तर ९० दिवसांचीच असतात, मग २०१५ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला ते अजून सुरूच झालेलं नाही असं वाटणारच ना. जेल रोडवरून सेल आणला, बदलला, तारीख लावली, मेल यायला लागले.

तारीख बरोबर असूनही ती चिठ्ठी येत असेल तर त्यात नाव कोणाचं आहे ते बघा. तुम्ही सर्व्हरचं जे नाव भरलंय आणि सर्टिफिकेटवर जे आहे ते वेगळं असेल तर कंपनीच्या मदत पानावर दिलेलं नाव जसंच्या तसं भरा. अँटीव्हायरसचं नाव दिसलं तर तो मध्ये बसून तुमचा मेल तपासतोय, त्याचं मेल स्कॅनिंग बंद करून बघा. पण काहीही असो, हो-हो दाबत जाऊ नका, ती चिठ्ठी कधीतरी खरी पण असते.

आता जाणाऱ्या मेलचं. येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा असतो, सर्व्हर वेगळा, पोर्ट वेगळा, म्हणून एक चालू आणि एक बंद असं होतं. येण्यासाठी आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतात) असेल तर ९९३, पॉप (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेतो) असेल तर ९९५, दोन्हीला एसएसएल, म्हणजे बोलण्याला कुलूप. जाण्यासाठी ४६५ ला एसएसएल/टीएलएस (टीएलएस म्हणजे एसएसएलचंच नवं रूप) किंवा ५८७ ला स्टार्टटीएलएस (आधी साधं बोलून मग कुलूप). ही जोडी उलटी लावली की संपलं. ४६५ वर सर्व्हर वाट बघतो की तुम्ही पहिल्या शब्दापासून कुलूपबंद बोला, आणि स्टार्टटीएलएस लावलेलं तुमचं आउटलूक (मेलचा प्रोग्रॅम) वाट बघतं की आधी सर्व्हरने साधा नमस्कार करावा, दोघं पहले आप पहले आप करत बसतात आणि शेवटी टाइमआउट. आणखी एक खोच, जुन्या आउटलूकमध्ये स्टार्टटीएलएस हा शब्दच नाही, तिथे नुसतं टीएलएस लिहिलेलं असतं, तेच ते.

मामांकडे २५ होता. २५ हा सर्व्हर-सर्व्हरमधला पोर्ट, स्पॅमच्या त्रासाने बऱ्याच इंटरनेट कंपन्या घरच्या कनेक्शनवर तो बंदच ठेवतात. तो उघडा असता तरी मामांचं अडलंच असतं, कारण जुन्या कनेक्शनवर सर्व्हर ओळखत होता की हा आपलाच ग्राहक, पासवर्ड न मागता मेल पाठवायचा. आता मामा परक्या नेटवरून येतायत, तो म्हणतो कोण तुम्ही? ५८७ टाकल्यावर नेमका तोच ५५० आला. म्हणून आउटलूकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्स, खात्यावर डबल क्लिक, मोअर सेटिंग्स, तिथे आउटगोइंग सर्व्हरच्या टॅबमध्ये ऑथेंटिकेशनची (ओळख पटवायची) टिक लावायची आणि येणाऱ्याचाच युजरनेम-पासवर्ड वापर असं सांगायचं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि टेस्ट करा, नाहीतर कशाने सुरू झालं आणि कशाने बिघडलं काही कळत नाही.

सगळं बरोबर वाटतंय तरी जात नाहीये? मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर गेलं तर घरच्या राउटरचं किंवा कनेक्शनचं दुखणं. विंडोज ७ आणि पुरातन मेल प्रोग्रॅम असेल तर टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१ मध्येच रिटायर झाल्यात, बरेच सर्व्हर त्या जुन्या भाषेत बोलतच नाहीत, तिथे थंडरबर्ड हा मोफत मेल प्रोग्रॅम टाका, ११५ पर्यंतचं विंडोज ७ वर चालतं. जीमेलवाल्यांना जुन्या प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खात्री) चालू करून त्या प्रोग्रॅमपुरता १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो.

आणि हो, खातं डिलीट करून परत बनवू असा सल्ला कोणी दिला तर थांबा! पॉप असेल तर जुने मेल फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर असू शकतात, सर्व्हरवर काहीच नसेल. आधी त्या मेलची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, मग काय ते करा.

मामांचा टेस्ट मेल गेला, मी खूश, मामींनी चहा ठेवला. आउटबॉक्सकडे माझं लक्षच नव्हतं. मामांनी चार दिवसांत मेन्टेनन्सची एकच नोटीस नऊ वेळा पाठवायचा प्रयत्न केला होता, ते सगळे नऊ मेल एका झटक्यात सोसायटीत गेले आणि चहा होईस्तोवर पहिल्या मजल्यावरचे काका वर आले, "अहो, भरतो म्हटलं ना, एवढं काय!"