वीजबिल फुगलं तर: मीटरपासून मंचापर्यंत

मे महिन्याचं बिल हातात पडलं की नजर आधी रकमेवर जाते. रक्कम क्षणभर बाजूला ठेवा आणि मागचं रीडिंग, चालू रीडिंग व दोन्हींच्या तारखा पाहा. बिल ३० ऐवजी ३६ दिवसांचं असेल तर वाढीचं कारण तिथेच सापडतं. 'सरासरी' असा शेरा असेल तर मीटर वाचलाच गेलेला नाही. चाळीत जिन्याखालच्या मीटरबॉक्सला कुलूप असलं की असं होतं. मीटरचा आकडा आणि नंबर दोन्ही दिसतील असा फोटो काढून कंपनीला कळवा. तो नंबर बिलावरच्या नंबराशीही जुळवा. एका खोक्यात बारा मीटर असले की अदलाबदल होऊ शकते.

आकडा बरोबर असूनही शंका उरली, तर घरातला मेन स्विच पाच मिनिटं बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा पाहा. तो लुकलुकत राहिला तर मीटरच्या पुढे कुठेतरी वीज जाते आहे: वायरीतली गळती, जिन्यातल्या दिव्याची जोडणी किंवा शेजाऱ्याची. मीटर उघडू मात्र नका. सील तुटलं की संशय तुमच्यावरच येतो.

मीटर पळतो आहे का, तेही घरच्या घरी कळतं. मीटरवर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते छापलेलं असतं, बऱ्याचदा ३२००. बाकी सगळं बंद करून १००० वॉटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत लावा. रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका. मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकायला हवा. व्होल्टेजनुसार पाच-सहाचा फरक पडतो, त्याची काळजी नको. पण आकडा ७०च्या पुढे गेला तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा.

मीटर ठीक असेल तर वापराकडे वळा. मुंबईत घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. टप्पा ओलांडला की सगळं बिल वरच्या दराने लागतं, हा समज चुकीचा आहे. महाग असतात ती फक्त वरची युनिटं, आणि वाचवायची तीच. शिवाय घरगुती बिलावर १६ टक्के वीजशुल्क बसतं, म्हणजे बचत झाली की शुल्कही घटतं. स्थिर आकार मात्र घर बंद असलं तरी भरावाच लागतो.

३४० युनिटांचं घर धरा. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिटं वाचतात. असे दोन बदलले की वरची ४० युनिटं गळाली. आपल्या हवेत पंखा बाराही महिने फिरतो, म्हणून नव्या फ्रिजआधी पंख्यावर खर्च करावा. २००० वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो, तो आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं पुरे. एसी २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. तापमान एक अंशाने वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते.

पैशांची ओढाताण असेल तर मुदत टळायच्या आधीच ग्राहक कार्यालयात हप्त्यांसाठी अर्ज द्या आणि पोच घ्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना वेगळा सवलतीचा दर आहे, पण त्याला वापराची मर्यादा फार कडक आहे: वर्षाला ३६० युनिटं.

वीज कायदा, २००३ मधलं कलम ५६ प्रत्येक घराला माहीत हवं. १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. म्हणूनच 'आज रात्री साडेनऊला लाइट कापणार, या नंबरवर फोन करा' हा मेसेज फसवणुकीचाच असतो. त्यातल्या नंबरवर फोन करू नका. बिल वादग्रस्त असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी ती 'हरकतीसह' असं लेखी नोंदवून भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी थकबाकी, जी मधल्या बिलांत सतत दाखवलेली नाही, तीही वसूल करता येत नाही.

आधी तक्रार कंपनीकडे करा: मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल, मुंबई यांच्याकडे. वकील लागत नाही. मीटरचे फोटो, गेल्या बारा महिन्यांची बिलं आणि प्रत्येक अर्जाची पोच एवढं जवळ ठेवा.

सोसायटीची गच्ची मोकळी असेल तर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या बिलासाठी सौर पॅनेलचा विषय पुढच्या सभेत मांडा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. सभेत जाताना सामायिक मीटरची वर्षभराची बिलं बरोबर न्या. ठेकेदाराचा पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच असेल.