डिझेल कॅम्पर चालू होत नाही? आधी आवाज ऐका

पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, राधानगरीला जायचं ठरलेलं, सामान भरून झालेलं, आणि चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. अशा वेळी लागोपाठ सेल्फ मारत बसू नका. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर स्टार्टर तापतो आणि बॅटरीही बसते. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. त्यामुळे इंजिन पुरेसं जोरात फिरतंय का आणि डिझेल पोचतंय का, हे आधी बघायचं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. आता एकदा सेल्फ मारा आणि कान द्या.

'टकटकटक' आवाज येऊन डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरीकडे बघा. कॅम्परमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या असतात: एक इंजिनची, दुसरी आतले दिवे, पंखा, फ्रिज यांची. आत दिवे लख्ख लागतात म्हणून इंजिनची बॅटरी चांगली, असं धरून चालू नका. मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरली तर आधी चार्ज करा. चार्ज करूनही तेच झालं तर बॅटरी गेली.

आकडा ठीक आहे, तरी इंजिन रडत फिरतंय? मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिन-चेसिसशी असलेली जोडणी. माझ्या गाडीला एका गॅरेजवाल्याने नवी बॅटरी घालायला लावली होती, त्रास तसाच राहिला. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी सांगितलं, "आधी अर्थिंग बघा की ओ, बॅटरीचं नंतर." गाडीखाली शिरलो. इंजिन आणि चेसिस जोडणारी पट्टी वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट सोडवला तर तिच्या टोकाखाली हिरवी पूड. पॉलिश पेपरने घासली, घट्ट आवळली, गाडी पहिल्या सेल्फला चालू. पट्टी न सोडवताही हे तपासता येतं: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. आता सेल्फ जोरात फिरला तर दोष अर्थिंगचाच.

काहीच आवाज नाही? फ्यूज, रिले, क्लचचा स्विच, इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा बघा. गाडी उसाच्या फडाशेजारी उभी असेल तर बॉनेट उघडून वायरी नीट न्याहाळा, उंदीर कुरतडतात.

इंजिन जोमात फिरतं, पण पेटत नाही, तर कुणाला तरी सायलेन्सरकडे बघायला सांगा. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. गगनबावड्याच्या थंड पहाटे हिटर प्लगचा (इंजिनातली हवा तापवणाऱ्या प्लगचा) डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. टाकीत खरंच डिझेल आहे ना? गाडी उतारावर तिरकी असेल तर काट्यावर विसंबू नका. मग डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. पाच मिनिटांत पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा, पण ते गटारीत ओतू नका. नंतर हाताचा पंप कडक होईपर्यंत मारा, धरलेली एअर निघते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत पंप मारायचा. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या) मात्र इंजेक्टरचे पाइप कधीही सोडू नका. तिथला दाब इतका असतो की डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत डीईएफचा, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा, इशारा दिसत असेल तर त्याची वेगळी टाकी भरा; संपल्यावर काही गाड्या पुन्हा चालूच होत नाहीत. इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तापलेल्या हिटर प्लगवर तो भडकतो. आणि घाटात धक्का तर अजिबात नको: इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

एवढं करूनही अडलं, तर सेल्फ मारतानाचा आवाज आणि सायलेन्सर, दोन्ही मोबाइलवर टिपा आणि मिस्त्रींना आधीच पाठवा, म्हणजे ते लागणारं सामान घेऊनच निघतील.