रेल-ट्रेलवर दोघांनी जाताना: ओझं, वारा आणि तंबू

रूळ काढून टाकलेल्या जुन्या रेल्वेमार्गावर सायकलचा रस्ता केला की तो झाला रेल-ट्रेल. जोडप्याने पहिल्यांदाच तंबू घेऊन निघायचं असेल, तर मी अमेरिकेतला ग्रेट ॲलेगेनी पॅसेज सुचवेन. पिट्सबर्ग ते कंबरलँड, 240 किमी, बारीक चुनखडीचा दाबून बसवलेला रस्ता, मोटारींना मज्जाव. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड कमी मिळते, म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी चढ अगदी मंद ठेवला. त्याचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना होतो.

रस्ता असा सपाट म्हटल्यावर दोघं आपोआप बरोबर राहतील असं वाटतं, पण तसं होत नाही. माझा नवरा माझ्यापेक्षा जोरात चालवतो. घाटरस्त्यावर पुढे गेलेला माणूस माथ्यावर थांबतो, तिथे गाठ पडते. इथे माथाच लवकर येत नाही. ताशी 3 किमीचा फरक असला, तर पाच तासांत दोघांमध्ये 15 किमी पडतात. मागचा माणूस दिवसभर धापा टाकत पाठलाग करतो, पुढचा थांबून थांबून कंटाळतो, आणि संध्याकाळी तंबू लावताना दोघंही गप्प असतात. म्हणून निघण्याआधी वेग जुळवायची सोय करायला हवी.

सामान अर्धं-अर्धं वाटू नका, ताकदीप्रमाणे वाटा. आमच्यात तंबू, स्टोव्ह, इंधन, भांडी, शिधा आणि सायकल दुरुस्तीची हत्यारं त्याच्याकडे. दोघांच्या स्लीपिंग बॅगा, मॅट आणि कपडे माझ्याकडे. माझ्या पिशव्या फुगलेल्या दिसतात, पण हलक्या असतात. चढावर नुसतं बोलत राहा. ज्याची उत्तरं एकेका शब्दावर येतात, त्याच्याकडचे एक-दोन किलो पुढच्या थांब्यावर दुसऱ्याकडे द्या. यात कमीपणा मानायचं काही नाही. मी तर हक्काने देते. मात्र पाणी, रेनकोट, टॉर्च, एक ट्यूब, पंप आणि थोडा खाऊ प्रत्येकाच्या स्वतःच्या सायकलवरच हवा, कारण चुकामूक झाली तर भागीतलं सामान कामाला येत नाही. दोन्ही सायकलींच्या टायरचं माप एकच असेल, तर सुट्या ट्यूब कमी लागतात. 38 ते 45 मिमी रुंदीचे टायर घ्या आणि डांबरी रस्त्यापेक्षा हवा जरा कमी ठेवा.

ओझ्याचा फरक चढावर जास्त कळतो, सपाटीवर वारा आडवा येतो. नदीकाठी समोरून वारा असेल तेव्हा जोरकस माणसाने पुढे राहावं, दुसऱ्याने त्याच्या आडोशाला. खडीवर ब्रेक लगेच लागत नाही, म्हणून मध्ये एका सायकलीएवढं अंतर सोडा आणि थांबण्याआधी मोठ्याने सांगा. शेजारी शेजारी चालवायचं ते समोरचं लांबवर दिसत असेल तेव्हाच. कुणाला ओलांडताना आधी घंटी, मग एकामागे एक.

दिशा नीट विचार करून ठरवा. या मार्गाचा माथा समुद्रसपाटीपासून 729 मीटर उंचीवर आहे. पिट्सबर्गकडून तो जवळजवळ 200 किमीमध्ये हळूहळू येतो; कंबरलँडकडून मात्र जेमतेम 38 किमीमध्ये साधारण तेवढंच चढायचं. सामान भरलेल्या सायकलने पहिल्याच दिवशी ते अंगावर घेऊ नका, पिट्सबर्गकडून निघा. माथ्यापलीकडे जवळपास 1 किमी लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा लागतो. हिवाळ्यात तो बंद असतो, तेव्हा तारखा आधी बघून घ्या. आत शिरण्यापूर्वी गॉगल काढा, दिवा लावा आणि जाकीट चढवा. उन्हाळ्यातही आत गार असतं, आणि घामेजलेल्या अंगाला ते बाधतं.

रोज 50 ते 60 किमी पुरे. सपाट रस्त्यावर पाय सतत चालू राहतात, उतारावर मिळते तशी उसंत नसते, त्यामुळे पायांच्या आधी बूड तक्रार करतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहून थोडं अंग मोकळं करा. कुठे थांबायचं हे हळू चालवणाऱ्याने ठरवावं. आमच्याकडे हा अधिकार पूर्णपणे माझ्याकडे आहे, आणि त्यामुळे दोघांचाही दिवस चांगला जातो.

मुक्कामाला उजेड असतानाच पोहोचा. दोघांसाठी तिघांचा तंबू घ्या. वजन थोडं वाढतं, पण पावसात पिशव्या आत घेता येतात आणि कपडे बदलताना एकमेकांना कोपर लागत नाही. या भागात काळी अस्वलं आहेत. खाऊ, टूथपेस्ट, साबण यांतलं काहीही तंबूत ठेवू नका. कानात घालायचे बोळे दोन जोड्या हवेतच. नदीच्या पलीकडच्या काठाने चालू रेल्वेमार्ग जातो आणि लांबलचक मालगाड्या रात्रभर धडधडतात.

कंबरलँडहून पुढे वॉशिंग्टनपर्यंत जायचं असेल, तर सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याकाठची 297 किमीची वाट आहे. ती रेल्वेची नव्हे, नावा ओढणाऱ्या खेचरांची. पावसानंतर तिथे चिखल होतो आणि वेग बराच घटतो, त्यामुळे रोजचं अंतर कमी धरा. सायकलवाल्यांसाठी ठरावीक अंतरांवर तंबूच्या जागा आहेत, एका जागी एकच रात्र राहायचं. हातपंपाचं पाणी मिळतं, पण हिवाळ्यात पंप बंद असतात, आणि इतर वेळीही एखादा नादुरुस्त निघाला तर पुढचा गाठेपर्यंत पुरेल इतकं पाणी जवळ हवं. याच वाटेवरच्या पॉ पॉ बोगद्यात दिवे नाहीत. तिथे उतरून, टॉर्च लावून, कठड्याच्या बाजूने सायकल ढकलत न्या.

चुनखडीची भुकटी पाण्यात कालवली गेली की चेनवर लेप बसतो आणि गिअर कुरकुरायला लागतात. रोज संध्याकाळी एकाने स्वयंपाक करावा, दुसऱ्याने दोन्ही चेन कोरड्या फडक्याने पुसून थोडं तेल द्यावं, आणि जास्तीचं तेल पुन्हा पुसून काढावं. पाऊस पडून गेला असेल, तर आधी बाटलीभर पाण्याने चेन आणि ब्रेक धुऊन मगच फडकं लावा.